औषधाला दाद न देणारं नैराश्य आणि टीएमएस: रेसिडेंट डॉक्टरांना शिकवताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात मानसोपचाराचं एमडी, डीएनबी करणारे रेसिडेंट, त्यांना शिकवणारे सहकारी आणि वॉर्डातल्या सिस्टर टीएमएसबद्दल जे परत परत विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. टीएमएस म्हणजे ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन. डोक्यावर कॉइल ठेवून चुंबकीय स्पंदांनी मेंदूच्या ठरावीक भागाला चालना द्यायची, अशी ही पद्धत आहे. यंत्र चालवायला आठवड्याभरात येतं. कॉइल कुणाच्या डोक्यावर ठेवायची आणि कुणाच्या नाही, हे ठरवायला मात्र पूर्ण रेसिडेन्सी लागते. म्हणून या पानावर दुसऱ्या गोष्टीला जास्त जागा दिली आहे.

रेसिडेंटना अजून औषधंच नीट लिहिता येत नाहीत. त्यांना टीएमएस शिकवायची घाई कशाला?

औषधं नीट लिहायला शिकवायची यापेक्षा चांगली संधी मिळत नाही. एखाद्या रुग्णाला टीएमएस सुचवायचं म्हटलं की आधी दिलेल्या प्रत्येक औषधाचा हिशेब मांडावा लागतो: कुठलं औषध, किती डोस, किती आठवडे, खरंच घेतलं का, का बंद केलं. हा हिशेब मांडताना रेसिडेंट जेवढं औषधशास्त्र शिकतो, तेवढं पाठांतराने शिकत नाही.

दुसरं कारण आकड्यांत आहे. अमेरिकेत झालेल्या स्टार-डी या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये आले. पहिल्या औषधाने साधारण तिघांपैकी एकाचं नैराश्य पूर्ण ओसरलं. दुसऱ्या टप्प्यावरही प्रमाण जवळपास तेवढंच राहिलं. तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्यावर मात्र ते १३-१४ टक्क्यांवर घसरलं. म्हणजे दोन औषधं नीट देऊन झाल्यावर तिसरी, चौथी गोळी बदलत बसण्यात फार थोड्यांना यश मिळतं. नेमक्या त्या वळणावर दुसरा मार्ग माहीत असणारा डॉक्टर रुग्णासमोर बसलेला हवा.

आणि रुग्ण आता स्वतःच विचारतात. पुण्या-मुंबईतल्या दवाखान्याचं पत्रक घेऊन येतात, मोबाईलवरचा व्हिडिओ दाखवतात. त्यांना सरळ, खरं उत्तर देता येणं हेसुद्धा प्रशिक्षणच आहे.

‘औषधाला दाद देत नाही’ असं नेमकं कधी म्हणायचं?

रूढ व्याख्या सोपी आहे: सध्याच्या नैराश्यात किमान दोन वेगवेगळी नैराश्यरोधी औषधं पुरेशा डोसमध्ये, पुरेसा काळ, म्हणजे साधारण सहा ते आठ आठवडे, नियमित घेऊनही फरक न पडणं. व्याख्या पाठ होते, तपासणी होत नाही. म्हणून याच प्रश्नावर मी रेसिडेंटना सगळ्यात जास्त थांबवतो.

समजा, राधानगरीकडची पंचेचाळिशीची बाई ओपीडीत आली आहे. सोबत गोळ्यांच्या रिकाम्या-अर्ध्या पाकिटांनी भरलेली प्लास्टिकची पिशवी. फाईलवर पाच औषधांची नावं, आणि रेसिडेंट केस मांडताना म्हणतो, “सर, पाच औषधं फेल गेलीत.” मी पिशवी टेबलावर ओतायला सांगतो. एस्सिटालोप्राम निघतं ५ मिलिग्रॅमचं, तीन आठवडे घेतलेलं. अ‍ॅमिट्रिप्टिलिन १० मिलिग्रॅम, तेही कुणीतरी डोकेदुखीसाठी दिलेलं. सर्ट्रालिन ५० ची एक पट्टी, दहापैकी चार गोळ्या शिल्लक, कारण मळमळायला लागलं. बाकी अल्प्राझोलाम आणि ताकदीच्या गोळ्या. फाईलवर पाच नावं आहेत, पण एकही औषध पुरतं देऊन झालेलं नाही. या बाईचं नैराश्य औषधाला दाद देत नाही असं म्हणणं तिच्यावर अन्याय आहे. तिला औषध अजून मिळालेलंच नाही.

पिशवी ओतून झाली की पुढची यादी. थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी-१२. दारू, आणि बायकांच्या बाबतीत मिश्री-तंबाखूबद्दलही संकोच न करता विचारायचं. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं. रक्तदाबाची, स्टिरॉइडची चालू औषधं. मग नैराश्य आणि उन्माद अशा दोन टोकांना जाणाऱ्या मनःस्थितीचा, म्हणजे बायपोलरचा शोध. “कधी असं झालंय का, की चार दिवस झोप नाही तरी दमणूक नाही, हातून पैसा वाहतोय, बोलणं थांबत नाही?” हा प्रश्न रुग्णाला विचारून भागत नाही. तो भावाला, जावेला, शेजाऱ्याला विचारायचा.

शेवटी घर. कर्ज, मारहाण, मुलीचं मोडलेलं लग्न. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर शिरोळ, करवीरमधल्या गावांतून आलेल्या कितीतरी माणसांची झोप पावसाचा आवाज आला की आजही उडते. यातलं काही असलं म्हणून टीएमएस देऊ नये असं नाही. पण कॉइल कर्ज फेडत नाही, आणि हे रेसिडेंटला आधी कळलं पाहिजे.

कॉइल ठेवल्यावर मेंदूत घडतं काय?

फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेलं तत्त्वच इथे कामाला येतं: बदलतं चुंबकीय क्षेत्र जवळच्या वाहकात वीज निर्माण करतं. कॉइलमधून हजारो अ‍ॅम्पिअरचा प्रवाह सेकंदाच्या अगदी छोट्या भागापुरता सोडला जातो. त्यातून साधारण १.५ ते २ टेस्लाचं क्षेत्र तयार होतं, म्हणजे एमआरआय यंत्राइतकं तीव्र, पण काही शे मायक्रोसेकंदांपुरतंच. कवटी या क्षेत्राला अडवत नाही. कॉइलखाली दोनेक सेंटिमीटर खोलीवर, मेंदूच्या वरच्या थरात प्रवाह निर्माण होतो आणि तिथल्या पेशी पेटतात. १९८५ मध्ये शेफिल्डमध्ये अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी हे पहिल्यांदा माणसावर करून दाखवलं. मेंदूच्या हालचालीच्या भागावर स्पंद दिला आणि हाताचा स्नायू हलला.

नैराश्यात लक्ष्य असतं डावीकडचा पुढचा, वर-बाहेरचा भाग, डॉर्सोलॅटरल प्रीफ्रंटल कॉर्टेक्स. कॉइल तिथपर्यंतच पोचते, पण हा भाग खोलवरच्या सबजेन्युअल सिंग्युलेट या भागाशी जोडलेला आहे, आणि नैराश्याशी त्या खोल भागाचा जवळचा संबंध आहे. वरून रोज दिलेली चालना त्या जोडणीमार्फत आत पोचते, अशी आजची समजूत आहे. पेशी एकदा पेटवून काही बरं होत नाही. तीच चालना दिवसेंदिवस मिळत राहिली की पेशींमधल्या जोडण्यांची ताकद बदलते.

हे फळ्यावर शिकवायचं नाही. सुरक्षिततेची प्रश्नावली भरून घ्या, संमती घ्या आणि रेसिडेंटला स्वतःला खुर्चीत बसवा. एकच स्पंद, उजवा अंगठा टुणकन उडतो. आपण हलवला नाही, तरी हलला. त्या क्षणी जे समजतं ते दहा स्लाइड्सनी समजत नाही. शिवाय टाळूला किती टोचतं हेही त्याला कळतं आणि नंतर तो रुग्णाला “काहीच दुखत नाही” असं खोटं सांगत नाही.

हे ईसीटीचंच सौम्य रूप ना?

नाही. ईसीटीमध्ये, म्हणजे विजेच्या शॉकच्या उपचारात, भूल देऊन झटका, म्हणजे फिट, मुद्दाम आणला जातो, आणि उपचार तोच असतो. टीएमएसमध्ये भूल नाही, झटका येऊ द्यायचा नाही, रुग्ण जागा असतो, स्मरणशक्तीला धक्का लागत नाही, सेशन संपलं की तो उठून एसटी पकडू शकतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ९५ ने भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय ईसीटी देण्यावर बंदी घातली आहे. अल्पवयीनांसाठी पालकांची संमती आणि त्याच कायद्याखालच्या मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची पूर्वपरवानगी लागते. त्या कलमातल्या अटी ईसीटीच्या आहेत, रेसिडेंटने दोन्हींची गल्लत करू नये.

पण एक गोष्ट मी ठासून सांगतो. ईसीटीची भीती वाटते म्हणून तिच्या जागी टीएमएस देणं, हा चुकीचा उपचार आहे. माणूस जेवत नाही, बोलत नाही, अंग ताठ करून पडलाय. आपण पाप केलंय आणि आपलं शरीर कुजतंय अशी त्याची खात्री झाली आहे. काल रात्री विहिरीच्या काठावरून घरी आणलाय. अशा वेळी ईसीटी जास्त प्रभावी आहे आणि लवकर काम करते. टीएमएसला आठवडे लागतात. ते आठवडे त्या माणसाकडे नसतात.

मोटर थ्रेशोल्ड काढायला कसं शिकवता?

हातात हात धरून. मोटर थ्रेशोल्ड म्हणजे अंगठा हलवायला लागणारी स्पंदाची किमान तीव्रता. साखर कारखान्यावर काटा तपासल्याशिवाय उसाची गाडी तोलत नाहीत, तसं थ्रेशोल्ड काढल्याशिवाय कुणाचाही डोस ठरत नाही. प्रत्येक डोक्याची कवटी, त्वचा, कॉइलपासून मेंदूपर्यंतचं अंतर वेगळं. एकाचा अंगठा ज्या तीव्रतेला उडतो, तिथे दुसऱ्याचा ढिम्म हलत नाही.

रुग्णाला घट्ट टोपी घालायची. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेप, मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत टेप, दोन्हींचा मध्य जुळतो तिथे खूण. या खुणेपासून डावीकडे साधारण पाच सेंटिमीटरवर हाताचा भाग शोधायला सुरुवात. रुग्णाचा उजवा हात उशीवर, तळवा वर, बोटं सैल. कॉइलची मूठ मागे आणि बाहेर, मध्यरेषेशी ४५ अंशांत. हळूहळू तीव्रता वाढवायची, कॉइल अर्धा सेंटिमीटर इकडे, अर्धा तिकडे. जिथे अंगठा सगळ्यात स्पष्ट उडतो ती जागा पक्की करायची आणि मग तीव्रता उतरवत न्यायची. दहा स्पंदांपैकी किमान पाचांना अंगठा हलतो अशी सगळ्यात कमी तीव्रता, तो थ्रेशोल्ड. स्नायूवर इलेक्ट्रोड लावले असतील तर ५० मायक्रोव्होल्टचा प्रतिसाद मोजतात. नाहीतर डोळ्यांनी.

नवा रेसिडेंट दोन ठिकाणी अडखळतो. एक, तो अंगठ्याकडे बघताना कॉइल टाळूवरून किंचित उचलली जाते. थ्रेशोल्ड खोटा जास्त येतो आणि पुढचे सगळे दिवस रुग्णाला गरजेपेक्षा जास्त डोस जातो. म्हणून कॉइल एकाने धरायची, हात दुसऱ्याने बघायचा. दोन, रुग्ण मूठ आवळून बसलेला असतो. ताणलेला स्नायू लवकर हलतो, त्यामुळे आकडा खोटा कमी येतो. “मावशी, हात सोडा, झोपल्यागत सोडा” हे तीनदा म्हणावं लागतं.

तेल लावलेल्या केसांवर टोपी घसरते, हे आपल्याकडे रोजचं आहे. पहिल्या दिवशीच सांगायचं की तेल न लावता या, अंबाडा मानेजवळ घाला. केसातल्या पिना, कानातलं, नथ, चष्मा, श्रवणयंत्र काढायचं. लांब मंगळसूत्र छातीवर असतं, कॉइलपासून दूर. ते काढायला लावून बाईला विनाकारण अवघडून टाकू नये.

योग्य जागा कशी ठरवायची? आमच्याकडे न्यूरोनॅव्हिगेशन, म्हणजे स्कॅनवरून कॉइलची जागा दाखवणारी यंत्रणा, नाही.

जुनी पद्धत अशी: अंगठ्याच्या जागेपासून पाच सेंटिमीटर पुढे. मोठ्या डोक्यात ती पद्धत कमी पडते, कॉइल लक्ष्याच्या मागेच राहते. त्यापेक्षा बीम-एफ३ पद्धत शिकवा. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेची नोंद, घेताना डोक्यावर डावीकडे पुढे जो एफ३ बिंदू धरतात, त्याची जागा टेपने घेतलेल्या तीन मापांवरून काढता येते: पुढून-मागे, कानापासून कानापर्यंत आणि डोक्याचा घेर. टेपला पैसे पडत नाहीत. मात्र प्रत्येकाने दहा वेगवेगळ्या डोक्यांवर सराव केल्याशिवाय रुग्णाला हात लावू देऊ नये. दोघांनी एकाच डोक्यावर खुणा केल्या आणि त्यांत सेंटिमीटरहून जास्त फरक आला, तर परत मोजायचं.

कुठला प्रोटोकॉल शिकवायचा?

आधी पायाचा: डावीकडे १० हर्ट्झ, थ्रेशोल्डच्या १२० टक्के, चार सेकंद स्पंद, २६ सेकंद विश्रांती, एकूण ३,००० स्पंद, साडेसदतीस मिनिटं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-उपकरण नियामकाने, २००८ मध्ये नैराश्यासाठी मान्यता दिली ती याला. मग थीटा बर्स्ट: ५० हर्ट्झचे तीन-तीन स्पंदांचे झुबके, सेकंदाला पाच, दोन सेकंद चालू, आठ सेकंद बंद, ६०० स्पंद, जेमतेम तीन मिनिटं. २०१८ मध्ये लॅन्सेटमध्ये आलेल्या थ्री-डी या कॅनडातल्या अभ्यासात ४१४ रुग्णांवर दोन्हींची तुलना झाली आणि तीन मिनिटांचा प्रोटोकॉल कमी पडला नाही. उजवीकडे १ हर्ट्झ हा संथ प्रकारही माहीत हवा. तो जास्त सोसवतो, आणि झटक्याची काळजी असेल तेव्हा त्याचा विचार होतो.

रेसिडेंट हल्ली विचारतात ते स्टॅनफर्डच्या सेंट प्रोटोकॉलबद्दल: दिवसाला दहा सेशन, मध्ये ५० मिनिटांचं अंतर, पाच दिवस. त्याला २०२२ मध्ये एफडीएची मान्यता मिळाली. चंदगडहून येणाऱ्या माणसाला पाच दिवस भरती होऊन उपचार संपवता आले तर केवढी सोय होईल, हे मलाही दिसतं. पण त्यात प्रत्येक रुग्णाचं लक्ष्य त्याच्या स्वतःच्या फंक्शनल एमआरआयवरून, म्हणजे मेंदूचे भाग काम करताना दाखवणाऱ्या स्कॅनवरून, ठरवतात. तेवढं न करता दिवसाला दहा सेशन दिली म्हणून ते सेंट होत नाही, आणि रुग्णाला तसं सांगणं ही फसवणूक आहे.

खरंच उपयोग होतो का? आकडे काय सांगतात?

होतो, सगळ्यांना नाही. २०१० मध्ये अमेरिकेत १९० रुग्णांवर झालेल्या काटेकोर अभ्यासात खऱ्या टीएमएसने १४ टक्के रुग्णांचं नैराश्य ओसरलं, नकली टीएमएसने, म्हणजे तसंच भासणाऱ्या पण मेंदूला चालना न देणाऱ्या कॉइलने, ५ टक्क्यांचं. प्रत्यक्ष दवाखान्यांतली निरीक्षणं याहून उत्साहवर्धक आहेत: औषधं चालू ठेवून, पूर्ण कोर्स घेतल्यावर साधारण निम्म्या किंवा थोड्या जास्त रुग्णांना ठळक फरक पडतो, आणि तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास लोक पूर्ण बरे होतात.

आता दुसरा पेपर. २०१८ मध्ये अमेरिकेच्या माजी सैनिकांवरचा अभ्यास आला. १६४ जण. खऱ्या टीएमएसने ४१ टक्के बरे झाले, नकलीने ३७ टक्के. म्हणजे जवळजवळ फरकच नाही, पण दोन्हीकडचे आकडे भक्कम. जर्नल क्लबला, म्हणजे पेपर वाचून चर्चा करायच्या बैठकीला, मी २०१० आणि २०१८ चे पेपर शेजारी-शेजारी ठेवायला सांगतो आणि रेसिडेंटना वाद घालू देतो. कुणी म्हणतं, यंत्र फोल. कुणी म्हणतं, त्या सैनिकांमध्ये आघातोत्तर ताण आणि व्यसन भरपूर होतं, गट वेगळा होता. एखादी हुशार मुलगी म्हणते, “सर, रोज सकाळी उठून, तयार होऊन, कुणीतरी आपली वाट बघतंय अशा खोलीत जायचं, हाच अर्धा उपचार असेल.” तिचं म्हणणं मला पटतं. नैराश्यातला माणूस अंथरुणातून उठत नाही, आणि टीएमएस त्याला महिनाभर रोज उठवतं. कॉइलचा परिणाम आणि या दिनक्रमाचा परिणाम वेगळे काढता येणं अवघड आहे. म्हणून दिनक्रमाची निगा तेवढ्याच काळजीने राखायची.

बरं वाटलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांचा फायदा औषधांच्या जोडीने वर्षभर टिकलेला दिसतो. बाकीच्यांना पुन्हा लागू शकतं, हे आधीच सांगावं.

सुरक्षिततेसाठी काय विचारायचं? कोल्हापूरसाठी काही वेगळं?

छापील प्रश्नावली जगभर सारखीच आहे: डोक्यात धातूची क्लिप, कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतले इलेक्ट्रोड, आधी आलेला झटका, डोक्याला मार, पेसमेकर, गर्भारपण. कॉइलपासून ३० सेंटिमीटरच्या आत चुंबकाला ओढला जाणारा किंवा विजेवर चालणारा वैद्यकीय धातू असेल तर टीएमएस नाही. दातांतलं भरण चालतं.

पण प्रश्नावली आपल्या माणसांच्या कामधंद्याशी जोडून विचारली नाही तर उत्तरं चुकतात. “डोक्यात धातू आहे का?” याला शिरोलीच्या किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतला कामगार “नाही” म्हणणार. त्याला विचारायचं, “ग्राइंडिंग करताना कधी डोळ्यात कण गेला होता का? डॉक्टरने काढला का, की आपोआप गेला?” शंका वाटली तर डोळ्याच्या खोबणीचा एक्स-रे काढल्याशिवाय पुढे जायचं नाही. इचलकरंजीच्या मागावर वीस वर्षं उभ्या राहिलेल्या माणसाचे कान आधीच थकलेले असतात, आणि कॉइलचा टक-टक आवाज वाटतो त्यापेक्षा मोठा असतो. ऐकू कमी येतं किंवा कानात शिट्टी वाजते असं तो म्हणाला तर आधी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून ठेवा. कानातले बोळे प्रत्येक रुग्णाला, आणि खोलीतल्या रेसिडेंटलासुद्धा, रोज, न चुकता. तालमीत वाढलेल्या पैलवानाला “डोक्याला मार लागलाय का?” विचारलं तर तो हसून नाही म्हणतो. “कुस्तीत पडल्यावर कधी काही क्षण काही आठवलं नाही असं झालं का?” असं विचारा, मग दोन-तीन प्रसंग निघतात.

झटक्याची भीती सगळ्यांना असते. नियम पाळले तर तो हजार रुग्णांत एकापेक्षाही कमी जणांना येतो. तरी तयारी हवी. दर तीन महिन्यांनी सिस्टर, वॉर्डबॉय आणि रेसिडेंट मिळून सराव करतात: कॉइल बाजूला, खुर्ची आडवी, रुग्ण कुशीवर, वेळ मोजायला सुरुवात, ऑक्सिजन, सक्शन, मिडाझोलामचा ट्रे हाताशी. आणि नातेवाईक कांदा किंवा चप्पल घेऊन धावत येतील, त्यांना प्रेमाने थांबवणारं एक माणूस आधीच नेमलेलं असावं.

बाकी त्रास किरकोळ: डोकेदुखी, टाळूला टोचणं, भुवई-पापणी उडणं. पहिल्या आठवड्यानंतर बहुतेकांना सवय होते. कुणाला अचानक फारच ‘मस्त’ वाटायला लागलं, झोप कमी झाली, तर उन्मादाकडे झुकतोय का ते त्याच दिवशी बघायचं.

चालू औषधं बंद करायची का?

नाही. जी आहेत ती स्थिर ठेवा, कोर्सच्या मध्येच बदलू नका. बदललीच तर थ्रेशोल्ड परत काढा. लोराझेपाम-क्लोनाझेपामसारख्या झोपेच्या, शांत करणाऱ्या गोळ्या जास्त घेणाऱ्यांमध्ये टीएमएसचा फायदा कमी दिसतो, म्हणून जमेल तेवढ्या आधीच हळूहळू कमी कराव्यात. बुप्रोपिऑन, क्लोझापिन ही औषधं, नुकतीच सोडलेली दारू आणि रात्रभराचं जागरण यांनी झटक्याची शक्यता वाढते. जागरणाचं रोज विचारायचं, विशेषतः यात्रा-जत्रांच्या दिवसांत.

रोजचं सेशन टेक्निशियनने घ्यायचं की रेसिडेंटने?

शिकण्याच्या काळात पहिल्या रुग्णाचा पूर्ण कोर्स एकाच रेसिडेंटने घ्यावा असं माझं ठाम मत आहे. सोमवार ते शुक्रवार, चार ते सहा आठवडे, वीस ते तीस सेशन. रोस्टर लावणाऱ्याला हे नको असतं. नाइट, इमर्जन्सी, त्यात जिल्हा रेसिडेन्सीचे तीन महिने. तरीही करावं. एकाच माणसाचा चेहरा महिनाभर रोज बघितला की नैराश्य कसं उतरतं ते दिसतं. आधी झोप, मग भूक, मग आवाजातली धार. “आज येताना रंकाळ्यावर उतरलो जरा” असं रुग्ण सहज बोलून जातो आणि नैराश्य मोजायच्या हॅमिल्टन स्केलवर अजून फरक नसतो. मनःस्थिती मात्र अनेकदा सगळ्यात शेवटी सुधारते, आणि हाच काळ धोक्याचाही असतो, कारण अंगात बळ येतं पण निराशा तशीच असते. म्हणून आत्महत्येच्या विचारांबद्दल रोज विचारायचं, स्केल आठवड्यातून एकदा.

सेशन चालू असताना रेसिडेंटने खोलीतच थांबायचं. मोबाईल बाजूला, डोळे रुग्णावर, कॉइल सरकली तर थांबवून परत बसवायची.

रुग्णाला आणि घरच्यांना कसं समजावायचं?

त्यांच्या बोलीत, आणि खरं. रेसिडेंटकडून मी हे खोलीत वठवून घेतो. एक जण मावशी होतो, एक डॉक्टर.

“डॉक्टर, मला शॉक देणार व्हय?”

“नाही मावशी. शॉकला भूल द्यावी लागते. इथं तुम्ही जाग्या असणार, माझ्याशी बोलणार. डोक्यावर टकटक होईल, जरा टोचेल, भुवई उडेल. फार दुखलं तर हात वर करा, मी थांबवतो.”

“आणि बरं वाटंल न्हवं?”

“निम्म्या लोकांना चांगला फरक पडतो. तुम्हाला पडेलच असं मी सांगू शकत नाही. दोन-तीन आठवडे तरी वाट बघावी लागेल. नाही पडला तर पुढं काय करायचं ते आपण आजच ठरवून ठेवू.”

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. ते सांगितलं नाही तर तिसऱ्या आठवड्यात माणूस म्हणतो, एवढ्या मोठ्या मशीननंही झालं नाही, म्हणजे आपलं काही खरं नाही.

सही कुणाची, हाही प्रश्न आहे. समजून निर्णय घ्यायची क्षमता असेल तर संमती रुग्णाचीच. सासू, नवरा, मुलगा सोबत असू द्या, पण बाईशी पाच मिनिटं एकटीशी बोलल्याशिवाय कागद पुढे करायचा नाही.

खर्चाचंही त्याच बैठकीत बोला. उपचाराच्या पैशांबरोबर महिनाभराचं एसटीचं तिकीट आणि बुडालेली मजुरी जोडा. गळीत हंगाम चालू असताना ऊसतोडीचं, वाहतुकीचं काम असलेला माणूस रोज येऊ शकणार नाही. त्याला दहाव्या सेशनला सोडायला लागण्यापेक्षा हंगाम संपल्यावर सुरू केलेलं बरं, आजार तेवढं थांबू देत असेल तर. गावाकडच्या रुग्णासाठी शहरात नातेवाइकाकडे राहायची सोय होते का, हे रेसिडेंटनेच विचारावं.

विभागात यंत्रच नाही. मग शिकायचं कसं?

निम्म्याहून जास्त शिक्षणाला यंत्र लागत नाही. पिशवी ओतून औषधांचा हिशेब, टेप आणि पोहण्याची टोपी घेऊन एफ३ काढणं, प्रश्नावली, संमतीचं संभाषण, पेपर वाचणं, झटक्याचा सराव: सगळं आजपासून सुरू करता येतं. यंत्रावरच्या भागासाठी जिथे ते रोज चालतं अशा विभागात दोन आठवड्यांचं पोस्टिंग मागा. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत या विषयावर बरंच काम चालतं, आणि कोल्हापूरहून हमरस्ता थेट तिथे जातो. परत आलेल्या रेसिडेंटने बाकीच्यांना शिकवायचं, ही अट पोस्टिंग मंजूर करतानाच घालावी.

परीक्षेत काय विचारावं?

प्रोटोकॉलचे आकडे विचारू नयेत. एक खरी फाईल द्यावी आणि विचारावं, टीएमएस सुचवशील का? जो विद्यार्थी “आत्ता नाही” म्हणून कारणं देतो, त्याला चांगले गुण द्यावेत.

कोर्स संपला आणि फरक पडला नाही, तर?

आधी तांत्रिक बाजू तपासा: थ्रेशोल्ड बरोबर होता का, जागा बरोबर होती का, किती सेशन बुडाली. वीस सेशननंतर थोडाही बदल दिसत असेल तर आणखी दहा द्यायला हरकत नाही, काहींना उशिरा फरक पडतो. मग निदान परत उघडायचं, अगदी पहिल्या पानापासून. लिथियमची जोड, ईसीटी, केटामाइन, नीट बांधलेली मानसोपचाराची सेशन्स, हे मार्ग शिल्लक आहेत आणि त्यांतला पुढचा कुठला हे संमतीच्या दिवशीच लिहून ठेवलेलं असतं. शेवटच्या सेशनला पुढची तारीख हातात दिल्याशिवाय रुग्णाला घरी सोडू नये. ज्याला फरक पडला नाही त्याला ती तारीख आठवड्याच्या आतली द्यावी, आणि आदल्या दिवशी रेसिडेंटने स्वतः फोन करावा.

मी डॉक्टर नाही, माझ्या घरात असा रुग्ण आहे. मी काय करू?

सगळ्या जुन्या चिठ्ठ्या आणि पाकिटं, रिकामी झालेलीसुद्धा, एका पिशवीत भरून मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन या. काही फेकून देऊ नका. जिवाचं बरं-वाईट करण्याचं बोलणं घरात होत असेल तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. थेट सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात या, माणसाला एकटं ठेवू नका, तणनाशक आणि कीटकनाशकाचे डबे घराबाहेर कुलपात ठेवा. टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो, मोफत आहे, आणि तिथे मराठीत बोलता येतं.